ओव्हरवीनिंग साहेब

पोलीस ॲक्शननंतरच्या त्या वर्षांत आमच्या कचेरीत अस्सल इंग्रजी कुणाला येत असेल तर ते मला, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. साहेबांना येत होतं, पण ते मद्रासचे. त्यांना धरायचं नाही. कचेरीचं नाव मात्र विचारू नका. औरंगाबादेत होती, एवढं पुरे. माझी पेन्शन अजून तिथूनच येते.

झालं असं, की निजाम गेला आणि त्याच्या मागोमाग आमची उर्दूही गेली. आम्ही सगळे उर्दूत शिकलेले, उर्दूत मिसली, म्हणजे फायली, लिहिणारे, वरिष्ठांच्या शिव्याही उर्दूतच खाल्लेले कारकून. बघता बघता अडाणी ठरलो. रोज उठावं तो एक हुद्दा बदललेला. अव्वल तालुकदार गेले, कलेक्टर आले. गिर्दावराचा रेव्हेन्यू इन्स्पेक्टर झाला. मोहतमिम होते ते सुपरिंटेंडेंट झाले. माणूस तोच, टेबल तेच, भिंतीवरचा पानाचा डागसुद्धा तोच, नाव तेवढं नवं. आमचा पुंजाराम चपराशी आता ‘प्यून’ झाला, हे त्याला कळलं तेव्हा त्यानं सगळ्या कचेरीत पेढे वाटले. पगार तेवढाच आहे हे कळलं, तोवर पेढे संपले होते.

अशात आमचे मुंतजिम, म्हणजे नव्या बोलीत हेडक्लार्क, पेन्शनीत निघाले. त्यांच्या खुर्चीला दोन उमेदवार. एक मी, रामकिसनराव. दुसरे काकासाहेब. ज्याला खुर्ची मिळेल तो औरंगाबादेत राहणार आणि दुसऱ्याची एका लांबच्या तालुक्याला बदली होणार, हे ठरलेलं होतं. त्या तालुक्याचंही नाव घेत नाही, तिथल्या लोकांना वाईट वाटेल. तिथं मुलींची शाळा चौथीत संपत होती आणि माझी मंजुळा इथं नववीत होती. वर्गात पहिली. आमची ही नेहमी म्हणे, “अहो, मंजुळा मॅट्रिक होऊ द्या, मग तुम्हाला अंदमानला धाडलं तरी मी बोलायची नाय.” तेव्हा खुर्चीचा मोह मला नव्हता असं नाही, पण खुर्चीच्या आड माझी पोर उभी होती, हे लक्षात ठेवा. पुढं मी जे केलं ते वाचताना उपयोगी पडेल.

आता काकासाहेब. नोकरीत माझ्याहून धाकटे. पण तोरा असा, की जणू कलेक्टरांनीच यांना विचारून चार्ज घेतला. शहागंजातून सूट शिवून आणला आणि तो भर उन्हाळ्यात अंगातून काढीनात. सहीखाली रेघ ओढत ती कागद संपेपर्यंत. ‘गुड मॉर्निंग’ दुपारी चार वाजतासुद्धा. चहाला ‘टी’ म्हणायचे आणि टी आला की बशीत ओतून फुर्रकन प्यायचे. साहेब काही बोलले की मला समजायला थोडा वेळ लागे. काकासाहेबांना वेळच लागत नसे, कारण ते समजून घेण्याच्या भानगडीतच पडत नसत. आधीच “येस सर” म्हणून मोकळे. साहेब खूश!

मी ठरवलं, याला इंग्रजीनंच मारायचा. जुन्या बाजारातून एक जाडजूड इंग्रजी-उर्दू लुगत आणली. लुगत म्हणजे शब्दकोश. पहिल्या पानापासून पाठ करायला बसलो. आंघोळ करताना, जेवताना, देवाला फूल वाहताना इंग्रजी शब्द म्हणायचो. आमची ही हळद-कुंकवाची कोयरी घेऊन शेजारी विचारून आली, की माणसाला उन्हाची बाधा झाली की असं होतं का. मी हटलो नाही. आणि एके दिवशी, लुगतीच्या पार मध्यावर, मला काकासाहेब सापडले.

ओव्हरवीनिंग.

समोर उर्दूत अर्थ दिला होता, की आपल्या हैसियतीपेक्षा भलतीच मोठी हाव धरणारा आणि वर तिचा रुबाब मिरवणारा, घमेंडखोर. मी वाचता वाचता उठून उभाच राहिलो. लुगत लिहिणाऱ्या मौलवीसाहेबांनी काकासाहेबांना समोर बसवून तो अर्थ लिहिला असावा, इतका तंतोतंत. त्यापुढचे शब्द मी पाठ केलेच नाहीत. गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिरल्या शिरल्या मी हात जोडून म्हणालो, “गुड मॉर्निंग, ओव्हरवीनिंग काकासाहेब.”

काकासाहेबांना इंग्रजीतलं एखादं काही समजलं नाही असं कधी होत नसे. ते म्हणाले, “थँक यू, थँक यू.”

काय सांगू महाराज, त्या दिवशी जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. तोंडावर शिवी द्यावी आणि वर आभार घ्यावेत! पण आनंदाचा एक अवगुण असतो. तो एकट्याला पचत नाही. दिवसभर मी येता-जाता ओव्हरवीनिंग म्हणत राहिलो आणि मनात हसत राहिलो. शेवटी माठाजवळ पुंजारामनं मला गाठलं.

“रावसाहेब, ह्ये काकासाहेबाला तुम्ही सकाळधरनं काय म्हनायलाव?”

“ओव्हरवीनिंग.”

“नवं हाय व्हय?”

“एकदम नवं.”

“मंग तुम्ही बी हाव का ओव्हरवीनिंग?”

“छे छे. मी नाही. सगळ्या कचेरीत एकटे काकासाहेबच.”

पुंजारामनं पाण्याचा पेला तसाच हातात धरून विचार केला. “हेडक्लार्काच्या वर का खाली?”

इथं मी चुकलो. खरा अर्थ सांगावा तर तो तासाभरात काकासाहेबांच्या कानावर जाणार, काकासाहेब साहेबांकडे जाणार, आणि सहकाऱ्याला शिवी दिली म्हणून माझी खुर्ची जाणार. म्हणून मी आपलं मोघम, जरा खोचक बोललो. “वर. लई वर. त्यांच्या डोक्याच्याही वर.”

माझ्या या वाक्यावर मीच दोन दिवस खूश होतो.

तिसऱ्या दिवशी कचेरीत आलो तर काकासाहेबांचं टेबल खिडकीजवळच्या वाऱ्याच्या जागेवर गेलेलं आणि तिथलं माझं टेबल जिन्याखाली आलेलं. पुंजाराम काकासाहेबांच्या खुर्चीमागं अदबीनं उभा होता. मी विचारलं, “हे काय?”

“ओव्हरवीनिंग साहेबाला हवा नको का?” तो म्हणाला. “आता मागच्या महिन्यात गिर्दावराचं नाव बदललं, आम्ही वळखलं नाय, तर केवढं बोलनं खाल्लं. ह्या बारी नाय चुकनार.”

पुंजारामनं तो हुद्दा धरला होता. आणि का धरू नये? त्या दिवसांत जो इंग्रजी शब्द कानावर पडे तो कुणाचा तरी हुद्दाच निघे. आमच्या कचेरीत तर पद्धतच होती, की बढतीचा हुकूम मागाहून येई, बातमी आधी प्यूनला असे. पुंजारामनं सांगितलं म्हणजे हुकूम वाटेत आहे, असं सगळे समजत. त्यामुळं दुपारपर्यंत टायपिस्ट, रेकॉर्डकीपर, झाडूवाला, सगळे काकासाहेबांना वाकून सलाम करायला लागले. गेटाबाहेर बसणाऱ्या अर्जनविसानं पक्षकारांना सांगून टाकलं, की इथून पुढं अर्ज ओव्हरवीनिंग साहेबांच्या नावे.

संध्याकाळी काकासाहेब स्वतः जिन्याखाली माझ्याकडे आले. सूटच्या खिशात रुमाल नव्यानं खोचला होता. आवाज खाली आणून म्हणाले, “रामकिसनराव, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? पहिली मुबारकबाद तुम्हीच दिली. मी विसरणार नाही.”

“काकासाहेब, अहो, ते तसं नाही…”

“हुकूम आला नाही अजून, ठाऊक आहे मला. येईल. एकच विचारतो, ओव्हरवीनिंगला तनखा काय असतो हो? का क्वार्टर पण देतात?”

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? खरं सांगितलं तर मी मेलो. नाही सांगितलं तर हा माणूस साहेबांपुढं आपोआप तोंडावर आपटणार आणि खुर्ची आपसूक मला मिळणार. मी मंजुळाचा विचार केला आणि म्हणालो, “क्वार्टरचं काही सांगता येत नाही.”

घरी गेलो तर तिथं माझ्याआधी बातमी. काकासाहेबांच्या मंडळी, द्वारकाबाई, दुपारी हळदीकुंकवाला येऊन गेल्या होत्या. आमच्या हिनं ताट आदळलं.

“द्वारकाबाईचे मालक ओव्हरवीनिंग झाले म्हनं.”

“हो, म्हणजे… ते तसे पहिल्यापासूनच आहेत.”

“आन् तुम्ही? इतकी वर्सं नोकरी केली, लुगत का काय त्याच्यावर पैसे घातले, आन् एक साधं ओव्हरवीनिंग व्हता आलं नाय तुम्हाला?”

“अगं, ती शिवी आहे शिवी.”

“दुसऱ्याचं चांगलं झालं की तुम्हाला शिवीच वाटायची,” ती म्हणाली आणि मंजुळाकडं बघून तिनं डोळ्याला पदर लावला. मंजुळा भूमितीचं पुस्तक उघडून बसली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कारल्याची भाजी होती हे एक कारण, पण दुसरंही होतं.

पुढच्या आठवड्यात तर कचेरीची यात्रा झाली. खुलताबादेहून सीताफळांच्या पाट्या येत आणि माझ्या नाकासमोरून खिडकीजवळ जात. वेरूळच्या पलीकडून कारभारी नावाचे एक शेतकरी येत असत. शेताच्या वाटेचं त्यांचं प्रकरण, माझ्याच टेबलावरचं. इतके दिवस मला ‘रावसाहेब, रावसाहेब’ करत. आता माझ्याकडं बघतही ना. मी हाक मारली, तर म्हणाले, “तुमच्या हातात काय हाय आता? तुम्ही आपले साधे मानूस. आम्ही ओव्हरवीनिंग साहेबाला धरलंय. त्यांनी सांगितलंय, होऊन जाईल.”

“त्यांनी मिसल तरी वाचली का?”

“वाचायचं काय त्यात? मोठा मानूस मिसल वाचत नस्तो.”

हे मात्र खरं होतं.

मी धीर धरून बसलो. फुगा फुटायची वाट बघत होतो. आणि तो दिवस आला. साहेबांनी कारभाऱ्यांच्या वाटेचं प्रकरण स्वतः ऐकायला घेतलं. साहेबांना मराठीचा एक शब्द कळत नसे, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावलं. मी मनात म्हणालो, देवा खंडोबा, आता बघ मजा.

कारभारी आत आले ते हातात आहेराचा फेटा घेऊन. साहेबांना रामराम घातला आणि मला म्हणाले, “साहेबाला सांगा, तुम्हाला तरास नको. माझं काम ओव्हरवीनिंग साहेबाकडं हाय.”

साहेबांची लेखणी थांबली. इतका वेळ कानावरून नुसतं पाणी वाहत असावं तसं मराठी वाहत होतं, त्यात एकदम ओळखीचा खडा लागला.

“हा काय म्हणाला?” साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

“वेरूळहून आलोय म्हणतो, सर.”

“तो ओव्हरवीनिंग म्हणाला.”

“नो सर.”

कारभाऱ्यांना वाटलं, साहेब कामाला लागले. ते मोठ्यानं म्हणाले, “व्हय व्हय! ओव्हरवीनिंग! त्यांनाच बोलवा.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “हा मला म्हणतोय का?”

“नो सर, नो सर,” मी घाईघाईनं म्हणालो. साहेबांच्या रागात माझी बदली दिसायला लागली होती. “तुम्ही नाही सर. दुसरे एक आहेत. आपल्याच कचेरीत.”

“कोण?”

मी मान खाली घालून नाव सांगितलं. खरं सांगू, खाली घातलेल्या मानेनं मी हसत होतो. पुंजाराम धावत गेला आणि काकासाहेबांना घेऊन आला. ते दारातून आत येतायत तोच कारभाऱ्यांनी हातातला फेटा सरळ त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि पायाला हात लावला. खाली सूट, वर फेटा, असे काकासाहेब साहेबांपुढं उभे राहिले.

साहेब सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “लोक म्हणतात, तू ओव्हरवीनिंग आहेस. खरं आहे?”

काकासाहेबांचा ऊर भरून आला. त्यांना वाटलं, हुकूम आला. त्यांनी फेट्यासकट मान लववली. “येस सर. आय ॲम, सर.”

“तू कबूल करतोस?”

“येस सर. ऑल ड्यू टू युवर काइंडनेस, सर.” ही ओळ आम्ही सगळे रजेच्या अर्जाखाली लिहायचो.

साहेब मागं टेकले. खिडकीतून बाहेर बघत काहीसं स्वतःशीच म्हणाले, की खरंय, माझ्या सौम्यपणामुळंच हे झालं. मग विचारलं, “आता पुढं काय करणार?”

काकासाहेबांना इंग्रजीत आणखी एक वाक्य येत होतं. तेही अर्जातलंच. “आय विल ट्राय टू इम्प्रूव्ह, सर.”

मग साहेब खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी काकासाहेबांचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे ओले होते. ते म्हणाले, की मी मद्रासेत नोकरी केली, दिल्ली पाहिली, गोऱ्या साहेबांच्या हाताखाली काम केलं, पण चारचौघांत, पक्षकारासमोर, हाताखालच्या माणसासमोर आपला दोष असा मान झुकवून कबूल करणारा माणूस पाहिला नाही. इतकी नम्रता! मला असाच हेडक्लार्क हवा.

मला वाटलं, आपल्याला इंग्रजी नीट समजलं नाही. जन्मात पहिल्यांदाच असं वाटलं. पण समजलं होतं.

मग साहेब माझ्याकडं वळले. “आणि तू? तू ओव्हरवीनिंग आहेस का?”

आता या प्रश्नाला शहाण्या माणसानं काय उत्तर द्यावं? मी ताठ उभा राहिलो. “नो सर. नेव्हर सर. नॉट ॲट ऑल.”

डॉक्टरनं, मला काही झालेलं नाही म्हणणाऱ्या तापकऱ्याकडं बघावं, तसं साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दोन हुकूम निघाले. काकासाहेब हेडक्लार्क. मी त्या लांबच्या तालुक्याला. घरी सांगितलं तर ही रडली, ओरडली, आणि मग भांडी बांधायला बसली. ते बघणं मला सहन होईना. मंजुळा म्हणाली, “बाबा, मी घरी बसून वाचीन की.” पोरगी मला धीर देत होती, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं. काय मिळवलं मी त्या लुगतीतून? पोरीची शाळा घालवली, दुसरं काही नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी लाज गुंडाळून काकासाहेबांकडं गेलो. बदली थांबवायला हेडक्लार्कनं शब्द टाकला तर साहेब ऐकले असते. पण काकासाहेब नव्या खुर्चीत तोंड पाडून बसले होते. मला बघितल्याबरोबर त्यांनी दार लावून घेतलं.

“रामकिसनराव, माझं काय चुकलं हो? आठवडाभर ओव्हरवीनिंग होतो. साहेबांनी हात धरला, डोळ्यात पाणी आणलं आणि खाली हेडक्लार्क करून टाकलं. ते पद रद्द केलं का? तुम्हाला इंग्रजी येतं. आता खरं काय ते सांगा.”

हीच ती वेळ होती. कसं सांगू तुम्हाला, ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मौलवीसाहेबांचा सगळा अर्थ, अक्षर न् अक्षर. तो यांच्या तोंडावर फेकावा आणि निघून जावं. पण डोळ्यांपुढं मंजुळा आली.

“पद नाही ते, काकासाहेब,” मी म्हणालो. “गुण आहे. ओव्हरवीनिंग म्हणजे निगर्वी. आपली पायरी ओळखून राहणारा. सज्जन.”

काकासाहेब माझ्याकडं बघतच राहिले. “आणि तुम्ही मला हे रोज म्हणत होता? चारचौघांत? अहो, मी तर तुम्हाला जळका माणूस समजत होतो.”

मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिलो. बदलीचं बोललो, पोरीच्या शाळेचं बोललो. काकासाहेबांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. माझा हात धरला आणि ओढत साहेबांच्या खोलीकडं नेलं. मी वाटेत दोनदा खांब धरून बघितला. पण सूटातल्या त्या माणसाच्या अंगात त्या दिवशी उपकार फेडायचं भूत संचारलं होतं.

साहेब मलाच इथून मोकळं करण्याच्या कागदावर सही करत होते. काकासाहेब टेबलासमोर उभे राहिले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाले, “सर, प्लीज सर. धिस मॅन सर, ही इज ओव्हरवीनिंग. व्हेरी ओव्हरवीनिंग, सर. मोअर दॅन मी.”

“आय नो,” साहेब म्हणाले. मान वर न करता त्यांनी सही पुरी केली आणि कागद माझ्या हातात दिला.

बाहेर आल्यावर काकासाहेबांनी माझा हात घट्ट दाबला. “बदलीचं माझ्या हातून काही झालं नाही, रामकिसनराव, माफ करा,” ते म्हणाले. “पण बघा, तुमचा गुण मी सांगायच्या आधीच साहेबांना ठाऊक होता.”